तिच्या पानात काय वाढायचं

फोन आला तेव्हा मी म्हैसूरजवळ कडकोळच्या कारखान्यात, तपासणीच्या टेबलाशी, हातात मापं घ्यायचा कॅलिपर धरून उभी होते. राव मामा कामाच्या वेळी फोन करत नाहीत. सोळा वर्षांत दोनदा केला असेल, त्यातला एक गच्चीवरची टाकी फुटली तेव्हाचा. "वैशालीबाई, अक्का गेली," ते म्हणाले. "दुपारी जेवून पडली होती. उठलीच नाही." मी "येते" म्हणाले, कॅलिपर पेटीत ठेवला, आणि खरं सांगायचं तर त्या क्षणी डोक्यात आलेली पहिली गोष्ट अशी होती की अकरा पानं राहिली. माणूस गेल्याचं कळतं आणि आपण पुस्तकाची उरलेली पानं मोजतो, याची नंतर फार लाज वाटली. आता इतके आठवडे गेल्यावर वाटतं, लाज वाटायचं कारण नव्हतं. अक्कांनाही पहिल्यांदा तेच सुचलं असतं.

सुभद्राक्का म्हणजे आमच्या घरमालकीण, पण हा शब्द त्यांना अजिबात शोभत नाही. मी सांगलीची. नोकरीसाठी म्हैसूरला आले तेव्हा नवऱ्यानं आणि मी त्यांच्या घराचा वरचा मजला घेतला. खाली त्या आणि त्यांचे धाकटे भाऊ मल्लोजीराव, म्हणजे आमचे राव मामा. घराणं जुन्या म्हैसूरच्या फौजेतल्या मराठ्यांचं. कितव्या पिढीपासून इथं आहेत हे त्यांनाही नीट सांगता येत नसे, पण घरात बोलणं मराठीच. म्हणजे त्यांच्या मते मराठी. पहिल्या दिवशी अक्का मला म्हणाल्या, "तू सुम्ने बस गे, मी काफी करते. मत्ते सामान उतर." मी मनातल्या मनात तीन चुका काढल्या. पुढं सहा महिने त्यांना 'उगाच', 'नंतर', 'कॉफी' शिकवत राहिले. पालथ्या घड्यावर पाणी! एके दिवशी त्या शांतपणे म्हणाल्या, "तुझी मराठी इस्त्रीची आहे. माझी घरात नेसायची. दोन्ही लागतात की." त्यानंतर मी शिकवणी बंद केली.

अक्कांनी लग्न केलं नाही. तीस वर्षं त्यांनी मुलींच्या एका हॉस्टेलची कोठी आणि स्वयंपाकघर सांभाळलं. शे-दीडशे पोरी, बहुतेक खेड्यापाड्यांतून आलेल्या, आणि जून महिन्यात सगळ्या एका सुरात रडणाऱ्या. वॉर्डनबाई शिस्त सांगायच्या, अक्का मात्र नव्या पोरीला कोठीत बोलवायच्या आणि एकच प्रश्न विचारायच्या, घरी काय आवडीनं खातेस? जंगलालगतच्या एच. डी. कोट्याकडची एक पोरगी तीन दिवस जेवली नाही. भात पुढं केला की तोंड फिरवायची. विचारलं तर नुसतं पायाच्या अंगठ्यानं जमीन उकरायची. अक्कांनी तिला भाजी निवडायला बसवलं आणि बघत राहिल्या. पोरीनं भाजीतून आलेलं एक रानगवत बाजूला काढलं आणि मूठ मिटून घेतली. त्या रात्री तिच्या ताटात नाचणीचा मुद्दा, म्हणजे उकडलेल्या पिठाचा गोळा, आणि त्याच पाल्याचं सार होतं. "जेवली?" मी विचारलं होतं. "जेवली, आणि मग मोठ्यानं रडली," अक्का म्हणाल्या. "काय आवडतं ते कळल्याशिवाय पोरगी आपली होत नाही. नाव काय, कुणीही विचारतंय."

आमचं वाचन सुरू झालं ते गेल्या अवरेकाईच्या दिवसांत. म्हैसूरला थंडी पडली की गल्लीगल्लीत अवरेच्या, म्हणजे पावट्याच्या, शेंगांचे ढीग येतात आणि घराघरात दाणे सोलायचा कार्यक्रम निघतो. अक्कांचं शिक्षण सगळं कन्नडमधलं. कन्नड कादंबऱ्यांचा फडशा पाडायच्या, पण देवनागरी अक्षर जोडून वाचायला त्यांना वेळ लागे, आणि आता डोळेही साथ देत नव्हते. एकदा सांगलीहून येताना मी एक मराठी ऐतिहासिक कादंबरी आणली होती. मलाही ती कुणीतरी घ्यायला लावलेली. एका रविवारी दुपारी त्या शेंगा घेऊन बसल्या आणि म्हणाल्या, "मोठ्यानं वाच की. तेवढंच तुझं मराठी माझ्या कानात पडेल." तेव्हापासून दर रविवारी दुपारी एक प्रकरण ठरून गेलं. खालच्या खोलीत, खिडकीशी ठेवलेल्या वेताच्या खुर्चीत त्या, जमिनीवर चटई टाकून मी, आणि गृहपाठ टाळून आलेली माझी नऊ वर्षांची सई.

कादंबरी दोन मुलांची होती. गोमा आणि चंद्री, भाऊ-बहीण. स्वारीत गाव लुटलं जातं, ही दोघं पकडली जातात, एका गडाखालच्या बाजारात विकली जातात आणि एका सरदाराच्या घरी गुलाम म्हणून राहतात. मग एक दिवस पळतात. नदीपलीकडच्या रानात कुणी धन्याचं माणूस येत नाही असं त्यांनी ऐकलेलं असतं. तीनशे पानं ती दोघं त्या नदीकडं चाललेली. मी भरभर वाचत सुटायची, आणि अक्का मधेच हात वर करायच्या. "थांब. जेवली काय ती पोरं?"

"अक्का, ती पळताहेत. मागं घोडेस्वार लागलेत."

"ते कळलं की. चार दिवस पळाली. चार दिवस खाल्ली काय? बघ, मागं लिहिलं असेल."

मी मागं बघायची. लिहिलेलं नसायचं. लेखकानं चांदणं दोन पानं लिहिलं होतं, गडाचे बुरूज तीन पानं. "अय्यो," अक्का शेंग सोलत म्हणायच्या, "ह्या लिहिणाऱ्याला घरात कधी कुणी उपाशी ठेवलं नाही वाटतं." मी चिडायची. रंगात आलेला प्रसंग आणि यांचं आपलं जेवण! एकदा मी तोडूनच बोलले, "अक्का, ही पुस्तकातली पोरं आहेत." त्यांनी माझ्याकडं बघितलं. "म्हणून भूक लागत नाही?" सई खो खो हसली आणि मी मुकाट्यानं पुढं वाचायला लागले.

पुस्तकाच्या मध्यावर एक प्रकरण होतं. पकडून परत आणलेली पोरं पुन्हा पळू नयेत म्हणून लोहार त्यांच्या एका पायात लोखंडी कडं घालतो, त्याचं. लेखकानं इथं मात्र काही सोडलं नव्हतं. कडं केवढं, जाड किती, दोन टोकं कशी एकावर एक आणून गरम खिळ्यानं ठोकली, चंद्रीनं ओठ कसा चावून धरला… मी वाचत होते आणि एकदम लक्षात आलं की शेंगांचा आवाज थांबलाय. अक्का उठल्या होत्या. आतल्या खोलीत ट्रंक उघडल्याचा आवाज झाला आणि त्या हातात एक तांबड्या फडक्याची पुरचुंडी घेऊन आल्या.

ती पुरचुंडी मी ओळखत होते. म्हैसूरच्या दसऱ्याची मिरवणूक जगाला ठाऊक असते, पण इथल्या घराघरांतला मोठा दिवस म्हणजे आदल्या दिवशीची आयुधपूजा. राव मामांच्या घरी त्या दिवशी पाटावर जुनी शस्त्रं मांडतात: म्यानातून आता न निघणारी तलवार, भाल्याची दोन टोकं, एक कट्यार. शेजारी मामांचा लगाम, कारण त्यांची सगळी नोकरी पोलिसांच्या घोड्यांच्या पागेत गेली. पहिल्याच वर्षी अक्कांनी मला वर हाक मारून सांगितलं होतं, "तुझं ते मोजायचं आण की खाली. तुझं शस्त्र तेच." तेव्हापासून माझा कॅलिपरही त्या पाटावर असतो, कुंकवाची बोटं लावून. आणि त्या कॅलिपरच्या बाजूलाच, दर वर्षी, एक काळं लोखंडी कडं. त्याची गोष्ट मामा दर वर्षी रंगवून सांगत. लढाईत जखमी झालेल्या पूर्वजाला पाठीवर घेऊन त्याचा घोडा रात्रंदिवस चालत घरी आला आणि अंगणात कोसळला. हे त्या घोड्याच्या पायातलं कडं. आम्ही सगळे त्या घोड्याला हळद वाहत होतो. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात तो असा. मोजायचं साधन आणि मोजायची वस्तू चौदा-पंधरा वर्षं एका पाटावर शेजारीशेजारी पडलेली, आणि मोजणं हाच धंदा असलेल्या बाईला एकदाही वाटलं नाही की जरा लावून बघावं.

अक्कांनी फडकं सोडून कडं चटईवर ठेवलं. कुणी काही बोलायच्या आत सईनं ते उचललं. एका जागी ते तोडलेलं होतं आणि तिथं दोन-तीन बोटं फाकलेलं. तिनं ते मजेत मागच्या बाजूनं घोट्यावर सरकवलं आणि पाय पुढं करून दाखवला. ते बसलं, अगदी बसलं, वर नाही, खाली नाही. "काढ!" अक्का अशा ओरडल्या की सई दचकून मागं सरकली. "काढ ते आधी! वैशाली, काढ तिच्या पायातनं!" मी काढलं. सई रडायला लागली, अक्कांनी तिला मांडीवर ओढून घेतलं आणि तिचा घोटा कितीतरी वेळ दोन्ही हातांनी चोळत राहिल्या. पुस्तक कुठंतरी पालथं पडलं होतं.

दुसऱ्या दिवशी मी ते कडं डब्याच्या पिशवीत घालून कारखान्यात नेलं. रीतसर मोजलं. आतला व्यास, जाडी, खिळ्याची जागा. मग टूलरूममधल्या एका जुन्या फिटरना दाखवलं. कशाचं आहे ते सांगितलं नाही, फक्त विचारलं, हे तोडलंय कसं? त्यांनी ते उजेडात धरून बराच वेळ फिरवलं. छिन्नीनं तोडलंय, म्हणाले. पण ऐरणीवर ठेवून तोडलं असतं तर दोन दणक्यांत तुटलं असतं. इथं वीस-पंचवीस हलके घाव आहेत, एकाशेजारी एक. आत काहीतरी नाजूक असेल तरच माणूस असं हळू मारतो.

मी संध्याकाळी हे सांगितलं तेव्हा अक्कांचा चेहरा जो उजळला, तो मी विसरणार नाही. "जपून तोडलं, अल्वा, होय ना? पाय आत असताना?" त्यांनी मला चारदा तेच सांगायला लावलं. मग त्यांचे तर्क सुरू झाले. कडं ह्या घरात राहिलं, म्हणजे ते ह्या घरात तुटलं. पळून गेली असती तर पायातनं घेऊन गेली असती. म्हणजे घरातल्याच कुणीतरी तोडलं, आणि ज्यानं तोडलं त्यानंच ते शस्त्रांत ठेवलं असेल, लक्षात राहावं म्हणून. मी विचारलं, "अक्का, 'ती' कशावरून? पोरगा नसेल?" त्या म्हणाल्या, "तीस वर्षं पोरीच बघितल्या. मला पोरगीच दिसते. तुला पोरगा दिसत असेल तर दिसू दे."

एक गोष्ट मात्र मी त्यांना सांगितली नाही. ती मला स्कूटरवर घरी येतानाच सुचली होती. पोर वाढतं. पाय वाढतो. कडं लहान पडायला लागतं, आणि मग जुनं तोडून मोठं घालावं लागतं. तेव्हाही ते जपूनच तोडणार. राबणाऱ्या पायाला इजा कोण करून घेईल? फिटरनी सांगितलेला एकेक घाव ह्या हिशेबातही चपखल बसत होता. माझ्या कामात नको असलेला निष्कर्ष लपवणं हा गुन्हा आहे, आणि मी तो त्या उजळलेल्या चेहऱ्यासाठी केला.

अक्कांना आता एकच ध्यास लागला. भाद्रपदातल्या अमावास्येला, महालयाला, या घरात पूर्वजांची पानं मांडतात. इथले लोक त्याला एडे म्हणतात. फोटोंच्या खाली ओळीनं केळीची पानं, ज्याच्या त्याच्या नावाची, आणि प्रत्येक पानात स्वयंपाकाबरोबर त्या माणसाच्या आवडीचं काहीतरी हवंच. वडिलांच्या पानाशी विडा आणि तंबाखू, आईच्या पानात चिरोटी, आजोबांना कोंबडीचा झणझणीत रस्सा, आणि मामांच्या बायकोच्या पानाशी बिनसाखरेची कडक कॉफी. वाढून झालं की खोलीचं दार ओढून घेतात आणि सगळे बाहेर थांबतात, आतल्यांनी निवांत जेवावं म्हणून. अक्कांचं म्हणणं, ह्या वर्षी एक पान त्या पोरीचं. आणि कडं शस्त्रांच्या पाटावर नाही, त्या पानाशी ठेवायचं.

मामांनी साफ नकार दिला. मी तिथंच होते. "अक्का, आपले लोक लढणारे. पोरांच्या पायात बेड्या घालणारे नव्हेत," ते म्हणाले. "झाकली मूठ सव्वा लाखाची. घोड्याचं कडं, ते घोड्याचंच राहू दे. उद्या नातवाला काय सांगू मी?"

"हेच सांग."

"आणि पान मांडलं तर वाढणार काय? नाव ठाऊक नाही, गाव ठाऊक नाही. आवड ठाऊक नसलेल्याचं एडे असतं काय? कुठल्या शास्त्रात आहे?"

नाव-गावाचं अक्कांना काही वाटलं नाही, पण हे शेवटचं त्यांना लागलं. कारण ते त्यांचंच शास्त्र होतं. त्या दिवसापासून रविवारची सगळी चौकशी तिकडं वळली. त्या काळी पोरं काय खायची? गूळ मिळत असेल? चिंच तर असणारच. आणि पोर कुठली होती, घाटावरची की कोकणातली, भात खाणारी की भाकरी? मला त्यांनी चार पुस्तकं धुंडाळायला लावली. त्यांत लढाया होत्या, तह होते, हत्तींची नावंसुद्धा होती. स्वयंपाकघराच्या दाराशी बसलेल्या पोरीला काय आवडायचं, हे कुणी कशाला लिहून ठेवेल? अक्का सईला विचारायच्या, तुझ्याएवढी पोरगी असेल तर तिला काय आवडेल? सई म्हणायची नूडल्स. मामा पेपरातून डोकं वर न काढता म्हणायचे, "मांडा मग नूडल्सचं पान."

गोमा आणि चंद्री तोवर नदीकाठी येऊन पोचली होती. समोर पूर, मागं स्वार. शेवटचं प्रकरण, अकरा पानं. मी पान उलटणार तोच अक्कांनी हात वर केला. मला वाटलं, आता जेवणाचं विचारणार. पण त्या म्हणाल्या, "साकु. इथं थांब. घरातल्या पोरीचं काही कळलं नाही, मत्ते पुस्तकातल्यांचं ऐकून काय करू? अमावास्या होऊ दे. पान मांडू, आणि मग वाच." मी खूण म्हणून तिथं अवरेच्या शेंगेचं वाळकं साल ठेवलं. मधल्या काळात मला शेवट वाचायचा मोह झाला नाही असं नाही. नाही वाचला. ते जरा चोरून खाल्ल्यासारखं झालं असतं.

आमची शेवटची भेट श्रावणातल्या रविवारी झाली. खास काही नाही. त्यांनी मला लोणच्याची बरणी खाली उतरवायला लावली, सईच्या फ्रॉकची शिवण उसवली होती ती दाखवली, आणि मी जिना चढायला लागले तेव्हा मागून म्हणाल्या, "अमावास्येला सुट्टी काढ गे. विसरू नको." मी "हो हो" म्हणाले. नुसतं हो हो. बुधवारी दुपारी फोन आला.

महालय अमावास्येला मी सुट्टी काढली. कशासाठी ते मलाही माहीत नव्हतं. सकाळी मामांनी खालून हाक मारली, "वैशालीबाई, हात लावता काय जरा? एकट्याला होईना." दोघांनी मिळून स्वयंपाक केला. अक्कांच्या स्वयंपाकघरात अक्कांच्या भांड्यांना हात लावताना आम्ही दोघंही एकमेकांकडं बघत नव्हतो. माणूस गेल्याला वर्ष झाल्याशिवाय त्याचं पान मांडत नाहीत, म्हणजे या ओळीत अक्का नव्हत्या. मामांनी चार पानं मांडली. विडा, चिरोटी, रस्सा, कॉफी. मग ते आत गेले आणि एक पाचवं पान घेऊन आले. लहान, टोकाकडचं. ते त्यांनी ओळीतच मांडलं, आईच्या पानाशेजारी. तांबड्या फडक्यातलं कडं काढून पानाशी ठेवलं. मी पानाशेजारी पाण्याचं भांडं ठेवलं.

मग ते पळी हातात धरून नुसते उभे राहिले. सहा फुटी माणूस, आयुष्यभर अडेल घोडी सरळ केलेला, आणि त्या वीतभर पानापुढं पूर्ण अडकलेला. "काय वाढू हिला?" ते म्हणाले. मला नाही, कुणालाच नाही. थोड्या वेळानं त्यांनी वडिलांचा तंबाखू तेवढा सोडून प्रत्येक पानातलं थोडंथोडं काढलं. चिरोटीचा तुकडा, रश्शातली एक फोड, भात, गूळ, चमचाभर कॉफीसुद्धा. सगळं त्या लहान पानात वाढलं. "चाखून बघू दे," ते म्हणाले. "एवढ्यातलं काहीतरी आवडेल की."

दार ओढून आम्ही पायरीवर येऊन बसलो. मामा म्हणाले, "मी सत्तावीस वर्षं घोड्यांच्या पायाशी बसलो. नाल, खूर, घोटा… ते कडं घोड्याचं नाही हे मला नोकरीच्या पहिल्या वर्षीच कळलं होतं."

"मग दर वर्षी ती गोष्ट सांगत होता ती?"

"सांगत होतो. विचारलं नाही कुणी. अक्कानं विचारलं."

मला त्यांचा राग यायला हवा होता, पण माझ्याजवळही एक लपवलेली गोष्ट होतीच. तेवढ्यात तेच म्हणाले, "ती गेली त्या दिवशी सकाळी मला म्हणाली, मल्ल्या, पाय वाढला म्हणूनसुद्धा तोडलं असेल रे ते. वैशालीला ते सुचलंय, माझ्यासाठी बोलली नाही ती. सुचलं नसेल तर कसली तपासणीवाली?" माझ्या डोळ्यांतून घळाघळा पाणी यायला लागलं. मामा अंगणातल्या फरशीकडं बघत बोलत राहिले. "मी म्हटलं, मग कशाला मांडायचं पान? सुटली का नाही तेच ठाऊक नाही. तर म्हणाली, सुटली म्हणून नको रे मांडू. होती म्हणून मांड."

आतून काही आवाज नव्हता. दार आणखी थोडा वेळ उघडायचं नव्हतं. मामांनी खिशातून चष्मा काढला, पुसला, परत खिशात ठेवला आणि म्हणाले, "ते पुस्तक आणता काय? अमावास्येनंतर वाचायचं ठरलं होतं म्हणे तुमचं."

मी वर जाऊन पुस्तक आणलं. शेंगेचं साल होतं तिथंच होतं, जरा कुरकुरीत झालेलं. बंद दाराकडं पाठ करून, पण आत ऐकू जाईल इतक्या आवाजात मी शेवटचं प्रकरण वाचायला घेतलं. नदीला पूर होता. चंद्रीनं गोमाचा हात धरला. दोघं पाण्याच्या कडेला उभी राहिली, मागं टापांचा आवाज…

मामांनी हात वर केला. "थांबा," ते म्हणाले. "जेवली काय होती ती पोरं?"

मी पदरानं डोळे पुसले आणि मागची पानं चाळायला लागले.